दुपारी एक ते चार

इंदूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वारज्याच्या फ्लॅटमध्ये मेथी निवडत बसले होते. मंगळवार होता. तिची सून ज्योती एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेल्या. चहा मागितला, आणि मी चहा आणेपर्यंत..." फोन ठेवून मी उरलेली मेथी निवडली. जुडी संपेपर्यंत उठलेच नाही. मग रिक्षा करून कसब्यात गेले. रिक्षात पहिल्यांदा आलं ते रडू नव्हतं, चक्क चीड आली. कारण त्या गुरुवारी मी तिला एक गोष्ट सांगणार होते. गेली अठरा वर्षं सांगणारच होते, पण या गुरुवारी नक्की, असं ठरवून वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. एका बाईच्या मरणाचा दोष इंदूताई स्वतःच्या डोक्यावर घेऊन जगत होती. त्यातला निम्मा, खरं तर निम्म्याहून जास्त, माझा होता, आणि तो मी तिला एकटीला वाहू दिला होता. दोन दिवस थांबली असती तर... पण तिनं का थांबायचं? अठरा वर्षं थांबली होतीच की.

ज्यांनी इंदूताईला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कसबा पेठेत, तांब्याच्या भांड्यांची ठोकठोक जिथे संपते तिथल्या बोळात तिचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणायचं आपलं. दोन बायका आत बसल्या की तिसरीनं पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न. नवरा अबोल, तो माल आणायचा आणि खोकी रचायचा. बांगड्या भरायची ती इंदूताई. मी तिथून दोन घरं पलीकडे राहत होते आणि महापालिकेच्या शाळेत कारकून होते. बांगडी भरताना बाईचा हात कासारणीच्या हातात असतो, आणि तो सैल सोडल्याशिवाय बांगडी चढत नाही. कुणाचा हात सैल सुटत नाही, कुणाच्या मनगटावर बोटांचे वळ आहेत, कोण कोपरावरचा पदर सरकू देत नाही, हे इंदूताईला सांगावं लागत नसे. काचेची बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, वाढवली म्हणतो. महिन्यात तिसऱ्यांदा आलेल्या बाईला ती म्हणायची, "पुन्हा वाढवल्यास? फारच भरभराट आहे बाई तुझ्या घरी." बाई आधी हसायची आणि मग तिला रडू फुटायचं. इंदूताई तिच्याकडे न बघता बांगड्या भरत राहायची. पुढे एका वार्ताहर मुलीनं तिला विचारलं होतं, "ताई, तुम्ही स्वतः हे सोसलंय का?" तर म्हणाली, "नाही हो. आमचे हे फार गरीब. डोळे शाबूत असले की दिसतं, त्यासाठी मार खावा लागत नाही."

पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात, यावर जगाचे विनोद करून झाले आहेत. इंदूताईचंही बंद असायचं. फक्त दर गुरुवारी त्या बंद दाराआड बायका बसलेल्या असायच्या. सुरुवात झाली ती एका प्राध्यापकाच्या बायकोपासून. तिला बोलायचं होतं. घरी बोलायची सोय नव्हती, गिऱ्हाइकांसमोर तर नव्हतीच. "एकला ये," इंदूताई तिला म्हणाली, "दार लावून घेते. एक ते चार पुण्यात कुणी कुणाची कडी वाजवत नाही." पुढच्या गुरुवारी ती आपल्या मोलकरणीला घेऊन आली. दोघींची दुखणी एकच निघाली आणि दोघीही जरा वरमल्या. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी पोलीस चौकीत द्यायला अर्ज हवा होता, म्हणून मला बोलावणं आलं. "अक्षर चांगलं आहे म्हणतात तुझं," इंदूताई म्हणाली, "सगळं सरकारलाच देऊन टाकू नकोस." माझी शाळा सकाळची, दुपार मोकळी. त्या दिवसापासून मी तिथली लिहिणारी झाले.

आमची नोंदणी नव्हती, पाटी नव्हती, बैठकीला नावसुद्धा नव्हतं. पद्धत मात्र होती. बाई ज्या गल्लीतली, त्याच गल्लीतल्या दोघीतिघींनी तिच्या पाठीशी उभं राहायचं. बाहेरून कुणी येऊन उद्धार करून जायचं नाही, कारण उद्धार करणारी संध्याकाळी घरी जाते आणि बाईला तिथेच राहायचं असतं, असं इंदूताईचं म्हणणं. दुसरं म्हणजे बाईचं नाव घ्यायचं नाही. भिंतींना कान असतात, कसब्यातल्या भिंतींना जरा जास्तच. म्हणून बाईला तिच्या भागावरून ओळखायचं: शनिवारातली, वारज्याची, बिबवेवाडीची. ज्या बायका स्वतः रडत आल्या होत्या त्याच वर्षभरात दुसरीला चौकीत घेऊन जाऊ लागल्या. हवालदार तासन् तास बसवून ठेवी, तर या सोबत शेंगा घेऊन जात आणि चौकीच्या बाकावर निवांत सोलत बसत. शेवटी त्यालाच संकोच होऊन तो तक्रार लिहून घेई.

पण त्या पहिल्या वर्षांत आम्हाला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा होता, ते आज लिहिताना लाज वाटते. समेटाचा होता. नवऱ्याला गुरुवारी दुकानात बोलवायचं, पाच जणींसमोर बसवायचं, त्याच्या तोंडून चूक कबूल करून घ्यायची. मग मी हमीपत्र लिहायचे: यापुढे हात उगारणार नाही, दारू पिऊन घरी येणार नाही, माहेरचा उद्धार करणार नाही. त्यानं सही करायची. मग इंदूताई बाईच्या हातात हिरव्या बांगड्या भरायची, ओटी भरायची आणि जोडपं घरी जायचं. आम्ही आपापसांत म्हणायचो, घर वाचलं. घर वाचायचं हे खरं. घरात कोण वाचतं, हा प्रश्न आम्हाला पडत नव्हता. सगळ्या संसारी बायका होतो. नांदत्या घरासारखं पुण्य नाही, हे आमच्या हाडांत मुरलेलं होतं.

हडपसरची आली ती या दिवसांत. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा नवीन नवीन आला होता आणि आम्ही तो नुकता समजून घेत होतो. तिचा नवरा एका कारखान्यात कामाला होता. दोन बस बदलून ती यायची, बरोबर सहा वर्षांची मुलगी. मुलगी फार शहाणी, कोपऱ्यात बसून मापाप्रमाणे बांगड्या लावत बसायची, आणि इंदूताई तिला "माझी नवी नोकर" म्हणायची. तिसऱ्या भेटीत हडपसरची म्हणाली, "मला आता जायाचं न्हाई तिकडं." आम्ही तिला समजावलं. हो, आम्हीच. मुलीकडे बघ म्हणालो, एकदा त्याला बोलावून तर बघू म्हणालो. तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला, पाचही जणींच्या पाया पडला, ढसाढसा रडला. आमच्यातल्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. श्रावण तोंडावर होता, बांगड्या भरायला आलेल्या बायका बाहेर पायरीवर बसल्या होत्या, चार वाजत आले होते.

मी एका बाजूला हमीपत्र लिहीत होते. हडपसरची माझ्याजवळ सरकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, ह्ये बी लिवा. त्यो गळा दाबतो. दोनदा दाबला. डोळ्याम्होरं अंधारी आली हुती." मी हात थांबवला. तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. तो डोळे पुसत होता. आणि मी तिला काय म्हणाले ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. मी म्हणाले, "हे लिहिलं तर तो सही करायचा नाही. आधी सही होऊ दे." शाळेत वीस वर्षं हेच केलं होतं मी, कागद अडू नये असं लिहायचं. कागद अडला नाही. त्यानं सही केली, माझ्या अक्षराखाली. इंदूताईनं बांगड्या भरल्या, ओटीत नारळ घातला. मुलगी जाताना म्हणाली, "आज्जी, अडीचच्या मापाचं खोकं लावायचं राहिलंय." चार वाजले, दार उघडलं आणि पायरीवरच्या बायका आत आल्या.

अकराव्या दिवशी ती गेली. गळा दाबूनच.

चौकीतून बोलावणं आलं तेव्हा आम्ही दोघी गेलो. साहेबांनी हमीपत्र टेबलावर ठेवून विचारलं, हे कुणाचं काम? मी तोंड उघडायच्या आत इंदूताई म्हणाली, "बैठक माझी, दुकान माझं, तिला परत पाठवायचा निर्णय माझा." साहेब बरंच काही बोलले, त्यातलं बरंचसं खरं होतं. मी तिच्या शेजारी उभी होते. गळ्याचं मला माहीत होतं, हे मी तेव्हा बोलले नाही. परतताना रिक्षात बोलले नाही. ती म्हणाली, "मी भरल्या गं तिला बांगड्या. याच हातांनी." मी तिचा हात हातात घेतला, आणि तेवढ्यावर भागवलं. त्या नवऱ्याला पुढे जन्मठेप झाली. त्यानं कुणाचं काय भलं झालं ते मला माहीत नाही.

इंदूताई त्यानंतर दोन गुरुवार घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या गुरुवारी एक वाजता तिनं दार लावलं आणि म्हणाली, "आता समेट बंद. कुणाला परत पाठवायचं नाही आणि कुणाला थांबवायचंही नाही. जीव तिचा आहे, तिला विचारायचं. एकटीला विचारायचं." हिरव्या बांगड्या ती लग्नकार्याला भरायची, पण नवऱ्याकडे परत निघालेल्या बाईला तिनं पुन्हा कधी भरल्या नाहीत. लोक समजतात तशी ही सेवा काही मोठ्या विचारातून वाढली नाही. त्या एका मरणातून वाढली. हडपसरहून कसब्यापर्यंत दोन बस बदलून बाई येते, हेच चूक, असं म्हणून इंदूताईनं हडपसरला एका बालवाडीच्या खोलीत शनिवारची बैठक सुरू केली. तिथल्या बायकांना सुट्टी शनिवारी. मग वारज्याला सोसायटीच्या एका खोलीत. सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, "आमच्याकडे तसले प्रकार होत नाहीत." इंदूताई म्हणाली, "अहो, मग तर खोली रिकामीच राहील. द्या की." पहिल्याच आठवड्यात सात जणी आल्या, त्यांतली एक अध्यक्षांच्या जिन्यातली होती. दोन वकील मुली जोडल्या गेल्या, त्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे आमची ऊठबस सुरू झाली, एका रात्रीपुरता आसरा देणारी घरं ठरली. आता शहरात अशा नऊ बैठका चालतात आणि सगळ्या त्या त्या भागातल्या बायकाच चालवतात. कुणी कौतुक केलं की इंदूताईचा चेहरा आक्रसायचा. एका सत्काराला तिला शाल दिली, तर माईकवर जाऊन एवढंच म्हणाली, "एकीला मी मारलंय. तिच्यासाठी हे चाललंय. बसा." मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तेव्हा उठायला हवं होतं.

का नाही उठले? मला खरंच नीट सांगता येत नाही. आधी भीती होती, चौकीची, नोकरीची. निवृत्त झाल्यावर ती भीती गेली. मग वाटलं, आता सांगून तिची जखम कशाला उकरायची? ही पळवाट फार सोयीची असते. खरं कारण असं आहे की इंदूताईनं माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर मला या गावात दुसरं माणूस नव्हतं. मुलाबरोबर वारज्याला राहायला गेले तरी मी दर गुरुवारी कसब्यात येत राहिले. ती थकत चालली होती, हात कापायचे, बांगड्या सुनेनं भरायला घेतल्या. शेवटच्या भेटीत ती म्हणाली, "वसू, अलीकडे फार गप्प असतेस गं." मी म्हणाले, "पुढच्या गुरुवारी बोलते." तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

तेरावं झालं. त्यानंतरच्या शनिवारी मी हडपसरला गेले. तिथली बैठक गेली तीन वर्षं हडपसरचीची मुलगी चालवते. तिला तिच्या सख्ख्या मावशीनं वाढवलं. इंदूताई दर महिन्याला तिच्याकडे जायची. परीक्षांना, आजारपणाला, पहिल्या नोकरीच्या दिवशी. आता ती आयटी पार्कात नोकरी करते, केस आखूड कापलेले, बोलणं चटचट. बायका गेल्यावर बालवाडीच्या त्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही दोघी बसलो. इंदूताईला सांगायचं राहिलं होतं ते मी तिला सांगितलं. तुझ्या आईनं मला सांगितलं होतं, मी लिहिलं नाही, कारण मला सही हवी होती. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

ती म्हणाली, "मावशी, मला माहितीये. मी अठरा वर्षांची झाले तेव्हा इंदूआजींनी सांगितलं. मला बसवून, नीट, सगळं. बांगड्या भरताना आई त्यांना म्हणाली होती, लिवणाऱ्या ताईंना गळ्याचं सांगितलंय. आजींना वाटलं, तुम्ही लिहिलं असणार. बाहेर गर्दी होती, त्यांनी तेव्हा कागद बघितला नाही. रात्री दुकान बंद करून बघितला. त्यात ते नव्हतं. त्या म्हणाल्या, मी त्याच क्षणी निघायला हवं होतं. म्हटलं, गुरुवारी बघू. तो गुरुवार गेला पावसात, आणि पुढच्या गुरुवारच्या आधी..."

म्हणजे चौकीत माझ्या शेजारी उभी राहून तिनं "निर्णय माझा" म्हटलं तेव्हा तिला ठाऊक होतं. माईकवर बोलली तेव्हा ठाऊक होतं. "बरं" म्हणाली तेव्हाही. मी विचारलं, "मग मला का नाही बोलली ती?"

"मी पण विचारलं होतं. म्हणाल्या, वसूला कळलं की मला माहितीये, तर ती उठून जाईल. मग लिहिणार कोण?"

हे ऐकून मला हसू आलं आणि त्याच हसण्यात मी रडायला लागले. अगदी तिचाच हिशेब होता हा. मुलगी मला रडू देत राहिली. पाणी दिलं. मग म्हणाली, "मावशी, एक बोलू का? रागावू नका. तुम्ही दोघींनी एकमेकींना अठरा वर्षं जपलंत. खूप जपलंत. त्या दिवशी माझ्या आईला कुणी नाही जपलं." तिच्या आवाजात राग नव्हता. बसची वेळ सांगावी तसं तिनं ते सांगितलं.

आमचा आणखी एक नियम आहे, तो वर सांगायचा राहिला. समेट बंद केला त्याच गुरुवारी इंदूताईनं तो घालून दिला होता. बाई जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहायचं, आणि लिहून झाल्यावर खोलीतल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. मग बाईला विचारायचं, काही राहिलं का? इतकी वर्षं मी समजत होते की ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हे आहे. इतरांना मी ते तसंच समजावूनही सांगत असे. नऊही ठिकाणी आज तसंच वाचतात. तो नियम माझ्यासाठी होता. मला एका शब्दानं न दुखावता तिनं माझ्या हातून ती चूक पुन्हा घडू दिली नाही, आणि मला ते कळूही दिलं नाही. इतकं मोठं मन मला झेपत नाही. तिचा रागच येतो कधीकधी.

म्हणून हा लेख मी छापायला देण्याआधी हडपसरच्या खोलीत नेला. गेल्या शनिवारी, अकरा बायकांसमोर, त्या बुटक्या खुर्चीवर बसून इथपर्यंत मोठ्यानं वाचला. गळ्याचं वाक्य आलं तेव्हा थांबले, पाणी प्यायले, पुन्हा वाचलं. मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. वाचून झाल्यावर मी नेहमीसारखं तिला विचारलं, "काही राहिलं का?"

"राहिलं," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांना नाव आहे यात. इंदूताई आहेत, ज्योतीकाकू आहेत, तुम्ही आहात. आई नुसती हडपसरची आहे. आता तिला कुणाची भीती आहे मावशी? नाव लिहा तिचं."

तिचं नाव शारदा होतं.